चिबडातला तुकडा

मपलं माहेर वडवणीच्या अंगाला, पार डोंगराच्या कुशीत. नुसतं माळरान बगा, दगड आन कुसळ, मधी कुटं एखादी बोर उभी. बाप बरड जिमिनीत हुलगं-मटकी पेरायचा, आलं तर आलं. आईसंग आडावर पान्याला जायचं तर सकाळ तितंच सरायची, म्हनून लहानपनी मला वाटायचं की समद्या मुलखात पानी असंच असतं, खोल, काळं, आन दोरीला लटकून वर येनारं. सपाट, उघड्यावर पडलेलं पानी मी पयल्यांदा बगितलं ते लगीन झाल्यावर. सुभद्रा नाव माझं, पर समदे सुबाबाई म्हनत्यात, तुमी बी तसंच म्हना.

सासर हे इथं, नेकनूरच्या खालच्या अंगाला. बैलगाडीत बसवून घिऊन आले, गाडी खिंड उतरली, आन खाली बगते तर भर उन्हाळ्यात हिरवागार पट्टा. मी लाजत लाजत आत्याबाईला, म्हंजी सासूला, इचारलं, उन्हाळ्याचं काय पेरलंय वो तिथं. तर गाडीतली समदी हासाया लागली. आत्याबाई म्हनल्या, पेरलं न्हाई कुनी, चिबड हाय ते. आता चिबड म्हंजी काय सांगू तुमाला, सखल जिमीन, पानी धरून ऱ्हानारी, पाय टाकला की घोट्यापत्तर आत. डोंगरातून वढा येतो, त्यो पावसाळ्यात फुगला की काठ सोडून त्या खोलगट जागंत शिरायचा, ऐसपैस पसरायचा, आन मंग दिवाळी झाली तरी, शिमगा आला तरी त्याचं पानी तितं दम खात पडलेलं. लव्हाळा डोक्याएवढा. टिटव्या, बगळे, पानकोंबड्या, हिवाळ्यात तर कुठकुठली पाखरं यायची, आमाला त्यांची नावं बी ठावं नव्हती.

माज्या मागून धाकट्या दिराचं लगीन झालं, दत्तूभावजीचं, आन जाऊ आली कौसा. कौसा आन मी जावा कशाच्या, भैनीच म्हना. दुपारचं काम उरकलं की दोघी चिबडात. लुगडं वर खवचायचं, लव्हाळा कापायचा, नळीची भाजी खुडायची. आत्याबाई आमाला चटया इनाया शिकवायच्या, हात चुकला की बोटावर टिचकी मारायच्या, पर शिकवायच्या. चटया नेकनूरच्या बाजाराला जायच्या. कौसा गानं म्हनायची, तिचा आवाज मोठा, आन तिनं सूर लावला की लव्हाळ्यातली समदी पाखरं भर्रकन उठायची, मंग ती म्हनायची, बाई, माजं गानं एवढं वाईट हाय का वो. अजून हासू येतं मला.

तवा चिबड लई चांगलंच व्हतं असं बी न्हाई, खरं तेच सांगावं. जळवा लागायच्या, डास तर इचारूच नका. आन पाऊस जास्ती झाला की वढा नुसता चिबडात थांबायचा न्हाई, वरच्या समद्या रानात घुसायचा. कंबरेला आलेली बाजरी एका दिसात आडवी. मामंजी, म्हंजी सासरे, बांधावर बसून नुसतं बगत ऱ्हायचे. दुष्काळात बी मार आन सुकाळात बी मार, असं आमचं रान.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. तुमी ऐकलं असंल. माळावरच्या इहिरी तळ दावाया लागल्या, ढोरं गेली, मानसं गाव सोडून गेली. आमच्या गावातलं कुनी न्हाई गेलं, कावून? तर चिबडामुळं. वरून कोरडं ठाक पडलं व्हतं, भेगा गेल्त्या, पर हातभर उकरलं की झिरा लागायचा. बाया वाटीनं पानी भरायच्या. एक घागर भराया येळ लागायचा, पर भरायची. शेजारच्या गावच्या बाया आल्या, त्यांना बी कुनी न्हाई म्हनलं न्हाई. त्या झिऱ्यावर बसून किती जनींची सुकंदुकं ऐकली म्या, त्याला काय हिशोब.

आन बगा, त्याच दुष्काळात त्या चिबडाला आमीच मारलं. मुद्दाम न्हाई वो. सरकारी काम निघालं, लोकांच्या हाताला काम पायजे व्हतं. गावात सोसायटी नवीन निघाली व्हती, सामुदायिक शेतीची, तिचे चेरमन आण्णा. मानूस सरळ, पांढरं धोतर, बोलनं हळू. आण्णांनी पारावर समद्यांना बसवलं आन म्हनले, वढ्याच्या काठानं बांध घालू, म्हंजी पूर रानात यायचा न्हाई, आन चिबडातून चर काढून त्याचं पानी खाली सोडून देऊ, म्हंजी एवढी काळीभोर जिमीन मोकळी व्हईल, सोसायटी ती ज्याला जिमीन न्हाई त्याला दिईल. आता सांगा, ह्यात वाईट काय व्हतं? आमाला तर देव पावला असं वाटलं. मामंजींच्या जिमिनीचे दोन भावांत दोन तुकडे व्हनार, ते बी पुराच्या तोंडचे.

मालकांनी, म्हंजी माज्या नवऱ्यानं, टिकाव घेतला, मी पाटी घेतली. कौसा पोटुशी व्हती तरी यायची, मुकादम तिला सावलीत बसून खडी फोडाया लावायचा. दुपारी सुकडी मिळायची, गूळ टाकलेली, ती आमी लेकरांसाठी फडक्यात बांधून आनायचो. समदं गाव त्या बांधावर राबलं. ज्या दिशी चर फोडला आन चिबडातली उरली-सुरली वल खाली वाहून गेली, त्या दिशी मानसांनी गुलाल उधळला. आत्याबाई तेवढ्या आल्या न्हाईत. घरीच बसल्या, म्हनल्या, माजं डोकं दुखतंय.

मालकांनी वडिलार्जित रानावरला हक्क सोडला, म्हनून सोसायटीकडून आमाला चिबडातला तुकडा मिळाला, अगदी मधला, सगळ्यात खोल. दत्तूभावजीनी खालच्या वस्तीला, वढ्याच्या वळनावरलं वडिलार्जित रान घेतलं आन तितंच घर बांधलं. मंग जे दिस आले ते काय सांगू. पाऊसपानी सुधारलं, सोसायटीनं मोठी इहीर पाडली, इंजिन बसवलं, पाळीपाळीनं पानी मिळायचं. त्या तुकड्यात पयल्या साली शाळू केला, कनसं अशी मुठीत मावायची न्हाईत. मालक रोज सांजच्या पारी उगंच बांधावर जाऊन उभे ऱ्हायचे. मंग ऊस लावला. गुऱ्हाळ लागलं की समदा गाव तितं, दत्तूभावजी कढईवर, मालक चुलांगनावर, आन कौसा आन मी लेकरांना ताजी काकवी वाढतोय. त्या धुराचा वास यायचा ना, तसा वास आता कशाला न्हाई. आता म्हंता म्हंता डोळ्यात पानी येतंय बगा, म्हातारपनाचं काय खरं न्हाई.

इहिरी खाली चालल्या हे आमाला लौकर कळलंच न्हाई. एक साल एक परस, मानूसभर, खोल करायची, दुसऱ्या साली आनखी. वाटायचं पाऊस कमी हाय. पाऊस कमी व्हताच, पर आला तरी इहिरीला उतरायचा न्हाई, चरानं खाली पळून जायचा. आन वढ्याला दोन्हीकडून दाबलेलं, त्याला पसराया जागाच न्हाई, म्हनून त्यो सगळा जोर घिऊन जायचा खाली, वळनावर. दरसाल दत्तूभावजीचा काठ थोडा थोडा ढासळायचा. ते यिऊन सांगायचे, दादा, पानी लई अंगावर येतंय. मालक म्हनायचे, दगड टाक. ते दगड टाकायचे.

एका भादव्यात डोंगरात ढग फुटल्यावानी पाऊस झाला. इकडं गावात पडत बी नव्हता, उघडीप व्हती, मी अंगनात ज्वारी वाळत घातलेली. दुपारची येळ. असा आवाज आला, जशी खिंडीतून लई गाड्या एकदम उतराया लागल्या. वढा बांधाला घासून चाललेला, तांबडा, झाडं घिऊन. आमच्या रानात थेंब आला न्हाई, बांध टिकला. सगळं पानी वळनावर जाऊन खालच्या बांधावर आदळलं आन तितं भगदाड पडलं. मी पळत गेले तर कौसा छपरावर, दोन नाती कवटाळून. मानसं वाचली, देवाची कृपा. पर दावनीला बांधलेले बैल सोडाया दत्तूभावजीला सवड झाली न्हाई. पानी वसरल्यावर बगितलं, रानातली माती समदी गेलेली, खाली मुरूम उघडा पडलेला, हाडावानी. कौसा माज्या गळ्याला पडून रडली न्हाई. ती नुसती म्हनली, बाई, तुमच्याकडं पानी आलं का? मी म्हनलं न्हाई. तिनं मान हालवली.

तितून भांडान लागलं. दत्तूभावजी चावडीत म्हनले, बांध वर फोडा, चिबडापाशी, पान्याला त्याची जागा द्या, न्हाईतर खालची वस्ती ऱ्हात न्हाई. मालक उठून उभे ऱ्हायले. काय बे दत्त्या, माज्या उसात पूर घालतो का? दत्तूभावजी म्हनले, दादा, तुजा ऊस हाय, माजे बैल व्हते. झालं. सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, बोलायचे बंद झाले. गावाचे बी दोन भाग झाले, वरले आन खालले. लग्नाकार्यात बी पंगत येगळी बसाया लागली. कौसा आन मी गिरनीवर भेटायचो, जाता-येता भेटल्यावानी, घडीभर, आन घरी सांगायचो न्हाई. दोघींना बी ठावं व्हतं आपला मानूस चुकीचा न्हाई, आन समोरचा बी चुकीचा न्हाई. मंग बोलायचं काय? पोरा-नातवंडांचं बोलायचो.

अशी कैक वरसं गेली. आण्णा वारले, त्यांचा लेक चेरमन झाला. आन मंग लागोपाठ कोरडी सालं आली, ती तुमाला ठावं हायत, टँकरची सालं. ऊस उभा वाळला. सोसायटीच्या मोठ्या इहिरीत पोरं क्रिकेट खेळतील एवढी कोरड. टँकर आला की बाया पाइपावर तुटून पडायच्या, ज्यांना म्या सून म्हनून आलेलं बगितलं त्या एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. बहात्तरला आमी वाटीनं भरत बसायचो तवा असं नव्हतं झालं.

त्याच उन्हाळ्यात पान्याच्या खात्याची एक इंजिनेर बाई गावात याया लागली, लातूरकडची, तरनी पोरगी. लई गोड. यायची, बसायची, च्या प्यायची, रानोमाळ हिंडायची. समद्या म्हाताऱ्यांना इचारायची, आधी पानी कुटं थांबायचं. एक दिस मालकांना म्हनली, आजोबा, बांध फोडायचा न्हाई. बांध ऱ्हाऊ द्या, त्यानं वरचं रान वाचतं. फकस्त चिबडापाशी थोड्या लांबीत त्यो उतरवू, दगडी सांडवा बांधू, म्हंजी रोजचं पानी वढ्यानंच जाईल, आन लई मोठा पूर आला तरच वरचं पानी सांडून चिबडात पडंल. चर बुजवू. तितं थांबलेलं पानी हळूहळू मुरंल, इहिरींना उतरंल. मालक म्हनले, आन मधला तुकडा? ती पोरगी खोटं बोलली न्हाई. म्हनली, मधला तुकडा जाईल, आजोबा. कडंच्यांना पानी वसरल्यावर शाळू, हरबरा घेता यील, मधी पीक यायचं न्हाई. सोसायटी बदल्यात माळावर जिमीन द्यायला तयार हाय. मालक उठून निघून गेले. तिचा च्या तसाच ऱ्हायला, माजा बी.

दुसऱ्या दिशी सकाळी मालक फावडं घिऊन तुकड्यात गेले. मी म्हनलं, आता काय पेरनार. दुपार झाली तरी आले न्हाईत म्हनून मी भाकर घिऊन गेले, तर खड्डा खांदलाय, स्वतः त्यात उभे, छातीपत्तर. बहात्तरला जितं हातभर उकरल्यावर पानी लागायचं, तीच जागा. माती हातात घिऊन दाबली, उघडली, तर भुगा. ते माज्याकडं बगून म्हनले, सुभद्रे, कायबी न्हाई गं खाली. समद्या जल्मात त्यांनी मला नावानं हाक मारली ती थोडक्याच येळा.

मी भाकर सोडली तर म्हनले, इतं नको. आन चालाया लागले. मला वाटलं घरी. ते वळनाकडं गेले, दत्तूच्या घरी, मी मागं मागं. कौसा चुलीपाशी, थोरल्या दिराला बगून तिनं गडबडीनं पदर घेतला, भाकर करपली तिची. मालक दारातच बसले आन म्हनले, कौसा, भूक लागलीय. तिनं ताट वाढलं. दत्तूभावजी बाजेवर, ते उठले न्हाईत. मालक जेवले, हात धुतला, आन म्हनले, दत्त्या, सांडवा किती उंच पायजे तुला? दत्तूभावजीचं त्वांड बगन्यासारखं झालं. म्हातारा मानूस, बाजेवरनं खाली उतरला. म्हनले, गुडग्याएवढा, दादा. मालक म्हनले, गुडग्याएवढा न्हाई द्यायचो, वरल्या समद्यांचं रान बुडंल. कंबरेएवढा. आन दोघं बी तितंच भांडाया लागले, मोठमोठ्यानं, कितीतरी वरसांनी. कौसा आन मी चुलीपाशी बसून रडत व्हतो आन हासत बी व्हतो.

चावडीत तेच भांडान पुन्ना समद्या गावानं केलं. खालचे म्हनायचे बुटका ठेवा, वरचे म्हनायचे उंच ठेवा. इंजिनेर बाईनं नकाशे दावले, पुराच्या खुना दावल्या, कुनाला किती नुसकान व्हईल ते समजून सांगितलं. शेवटाला मधलं काढलं, दोघांना बी थोडं लागंल असं. समदे नाराज व्हऊन घरी गेले. ती पोरगी मला म्हनली, आजी, समदे नाराज हायत म्हंजी बराबर झालंय बगा. मी म्हनलं, मालकांना पुसा, त्यांना काय बराबर. ती म्हनली, व्हय, त्यांचं जास्ती गेलं.

जास्तीच गेलं. माळावरची जिमीन माळासारखीच, तिला किती बी राबा. सांडवा झाल्यावर पयल्या साली पानी आलंच न्हाई, मानसं हासली. दुसऱ्या साली आलं. सांडव्यावरून चादरीसारखं पडलं आन चिबडात पसरलं. वरच्यांची कडंची तूर थोडी सडली, त्यांनी शिव्या दिल्या. पर वळनावर पानी घोट्याच्या वर चढलं न्हाई. आन त्या साली उन्हाळ्यात सोसायटीच्या इहिरीत पानी टिकलं, टँकर उशिरानं आला. म्हंजी अगदी स्वर्ग झाला न्हाई, पर आला तो उशिरानं. कौसा पुन्ना लव्हाळ्यात उतरायची म्हनून हट्ट धरायची, गुडघे दुखायचे तरी. ती माज्याआधी गेली. जाऊ द्या.

मालक रोज तितं जायचे, पान्याच्या काठाला उभे ऱ्हायचे. मी म्हनायचे, पाखरं बगता का. ते म्हनायचे, पाखरं कुटली, मी माजा तुकडा बगतोय. असंच म्हनायचे, शेवटपत्तर. गावाला त्यांचा अभिमान, हार घालाया यायचे, त्यांना ते आवडायचं न्हाई. म्हनायचे, जिमीन गेली ती गेली, हार कशाचे घालता.

गेल्या भादव्यात ते गेले. लेक धावत आला, गावातले आले, आन मंग प्रश्न पडला, न्यायचं कुटं. आमच्यात मानसाला जाळत न्हाईत, त्याच्याच रानात मातीत ठिवायचा रिवाज. मामंजी, आत्याबाई तशाच गेल्या. पर ह्यांचं रान तर पान्याखाली, छातीएवढं, चिबड भरलेलं. माळावर न्यावं तर त्या जिमिनीला ते कदी मपलं म्हनलेच न्हाईत. लेक गोंधळला, मी भितीला टेकून बसलेली. तवा दत्तूभावजी काठी टेकीत आले. त्यांना आता नीट दिसत न्हाई. म्हनले, वैनी, दादाला माज्या रानात घिऊन चला. ते कोरडं हाय, आन ते कोरडं हाय ते त्याच्यामुळंच.

तर ते तितं हायत, वळनावर. भावाच्या रानात. आता मी सनावाराला जाते, लेक गाडीवर नेतो, दत्तूभावजी बसायला पोतं टाकत्यात. आमी दोघं म्हातारी बसतो. त्या मुरमावर त्यांनी गाळाची माती वढून टाकली व्हती, त्या रानात परवा शाळू उगवलाय, बरा हाय. बसा तुमी अजून, कालवन तयार हाय, दोन घास खाऊन जावा. आन तुमचं गाव कुटलं का असंना, तितल्या मानसांना, पान्याला, समद्यांना नीट जागा मिळो, एवढंच माजं म्हननं.